निळा नळ थंड येईपर्यंत

उन्हाळ्यात आमच्या बहरीनमधल्या गुदैबियाच्या घरात गार पाणी हवं असेल तर लाल खुणेचा नळ सोडायचा. निळा सोडलात तर हात भाजेल. नव्या माणसाला हे सांगावंच लागतं, म्हणून तुम्हालाही आधीच सांगून ठेवते. पाण्याची टाकी गच्चीवर, दिवसभर उन्हात तापत असते आणि निळ्या नळाला थेट तिचं पाणी. गीझर मात्र घराच्या आत, एसीच्या गारव्यात. तेव्हा उन्हाळा लागला की गीझरचं बटण बंद करायचं. त्यात साठलेलं पाणी घरातल्या हवेनं निवत राहतं आणि लाल नळातून येतं. अगदी विहिरीसारखं गार नसतं, पण अंगावर घेण्याजोगं असतं. थंडी आली की पुन्हा सगळं सुलट.

लग्न होऊन पहिल्यांदा बहरीनला आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. यजमान कामावर गेलेले. केसांना शिकेकाई चोपडून ती नवी नवरी मोठ्या विश्वासानं निळ्या नळाखाली बसली आणि अशी किंचाळली, की शेजारची बाई लाटणं घेऊन धावत आली. मग त्या शहाणीनं काय करावं? नळाला हात लावायचाच नाही असं ठरवलं आणि आठवडाभर फ्रीजमधल्या प्यायच्या पाण्याच्या बाटल्यांनी अंघोळ केली. "एवढं पाणी जातं कुठे?" असं यजमानांनी विचारल्यावर म्हणाली, "तहान फार लागते हो इथे." लिफ्टला घाबरायची म्हणून चार मजले जिन्यानं चढायची आणि लोकांना सांगायची, व्यायाम करते. एसीचा वारा कानात शिरेल म्हणून भर जुलैत मफलर बांधून झोपायची. आज ती बाई समोर आली असती तर तिच्या मफलरचं टोक ओढून पळून गेले असते मी.

यजमान गेले. मध्ये बरीच वर्षं मी गावी राहिले आणि आता मुलाकडे पुन्हा इथेच आले. लिफ्टमध्ये एकटी जाते, एसी हवा तेवढा कमी-जास्त करते, टॅक्सीवाल्याला 'यल्ला, यल्ला' म्हणून घाई करते. पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारी धीट आहे. भीती कुठेही गेलेली नाही. ती नुसती हसऱ्या तोंडानं राहायला शिकली आहे.

आणि गेल्या सप्टेंबरात त्या भीतीला चांगलं काम मिळालं.

माझी नात दहावीत, शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोलकीपर. आदल्या वर्षी ती राखीव होती. हातमोजे घालून अख्खा मोसम बाकावर बसली. मग मुख्य गोलकीपर मुलीच्या वडिलांची नोकरी गेली, ते कुटुंब भारतात परतलं आणि हिची पाळी आली. सुट्टी संपून शाळा उघडली, संध्याकाळचा सराव सुरू झाला आणि त्याबरोबर आमच्या बिल्डिंगखाली भाकितंही सुरू झाली.

खाली एक कोल्ड स्टोअर आहे. इथे वाणसामानाच्या छोट्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. त्याच्या दारात संध्याकाळी दोघं हमखास सापडायचे. एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर, आमच्या खेडकडचा. दुसरा तिसऱ्या मजल्यावरचा पुण्याचा अकाउंटंट. दोघांपैकी कुणीही आयुष्यात चेंडूला पाय लावला असेल असं मला वाटत नाही.

"काकी, यंदा कप आपलाच," ड्रायव्हर म्हणायचा. "मी सगळ्या शालांच्या पोरी बघतो ना बसमधनं. आपल्या गोलात यंदा भिंत हाय भिंत."

"भिंत वगैरे भावनिक झालं," अकाउंटंट चष्मा वर करायचा. "पण आजी, शास्त्रशुद्ध बघितलं तरी पुढची फळी आपली गेल्या वर्षीचीच आहे. गेल्या वर्षी आपण हरलो ते गोल खाऊन. तो प्रश्न सुटला असेल तर उपांत्य फेरी निश्चित. सगळं तुमच्या नातीवर आहे."

"सगळं कसं तिच्यावर?" मी विचारलं. "बाकीच्या काय कोशिंबिरी करणार आहेत?"

दोघंही हसले. मी दह्याचा डबा घेऊन वर आले. तेव्हा नुसता अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी लिफ्ट बंद होती. जिन्यात बूट वाजले आणि मधेच थांबले. मी दार उघडून पाहिलं. अर्ध्या मजल्याच्या वळणावर नात पायरीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून. तोंड लालबुंद, आणि कपाळाला हात लावला तर कोरडं. इथली सप्टेंबरची संध्याकाळ कशी असते ते इथे राहिलेल्यालाच कळेल. सूर्य खाली जातो, पण समुद्रावरची वाफ वर येते आणि श्वाससुद्धा ओला वाटतो. अशा हवेत पळून आलेली पोर घामानं निथळायला हवी. ही तव्यासारखी कोरडी आणि तापलेली.

"आजी," ती म्हणाली, "तू दोन का दिसतेस?"

तिला कसंबसं वर आणलं, कपड्यांसकट लाल नळाखाली बसवलं, डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतला. हळूहळू तिचे डोळे ठिकाणावर आले. मीठ-साखरेचं पाणी प्यायली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "डोंट टेल ममा-बाबा."

"का म्हणून?"

"सर मला ड्रॉप करतील. दुसरी आहे ना, नाइन्थची, ती रेडीच बसलीये. आजी, आय वेटेड अ होल इयर. आणि सगळे म्हणतायत की यंदा माझ्यामुळे जिंकणार. प्लीज."

मी म्हणाले, "बघू."

'बघू' हा आमच्या घरातला फार सोयीचा शब्द आहे. यजमान हयात असताना मी दागिन्यांपासून माहेरी जाण्यापर्यंत सगळ्याला तो ऐकला आहे. त्यात हो नसतं आणि नाहीही नसतं. पोरीनं मात्र तो 'हो' म्हणून घेतला, गळ्यात पडली, आणि ओल्या कपड्यांनी मला भिजवून अभ्यासाला गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी सरावाला जायला लागले. घरी सांगितलं, गुडघ्यांना चालणं हवं. घडीची खुर्ची, छत्री, आणि निळ्या रंगाची कूलर पिशवी. पिशवीत कोकम सरबताच्या बाटल्या, फ्रीजरमध्ये दगड करून ठेवलेल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचा अर्धा बर्फ, अर्धं सरबत असा गाळ व्हायचा. फुटबॉल मला कळत नाही. चेंडू कुठे आहे हे मी कधी पाहिलंच नाही. मी फक्त एका गोलखांबाकडे बघत बसायची. ती बाहीनं तोंड पुसते आहे का? म्हणजे घाम येतो आहे. ती ओरडते आहे का? म्हणजे शुद्धीवर आहे. ती दोन मिनिटं हलली नाही की मी खुर्चीतून अर्धी उठायची. सर केरळचे, अदबीनं म्हणायचे, "आंटीजी, आप रोज आते हैं, बहुत शौक है आपको." मी म्हणायची, "हां, बचपन से."

भाकितं वाढतच होती. मी मग एक उद्योग केला. कोल्ड स्टोअरच्या दारात उभी राहून ड्रायव्हरला हळूच म्हटलं, "हूरा भागातल्या त्या शाळेत म्हणे एक नवी गोलकीपर आली आहे. विजेच्या खांबाएवढी उंच. आपलं काही खरं दिसत नाही रे." मला वाटलं, अपेक्षा थोडी खाली येईल, पोरीच्या डोक्यावरचं ओझं हलकं होईल. झालं उलटंच. त्यानं ती बातमी बसभर फिरवली आणि तिसऱ्या दिवशी मलाच ऐकवली. "काकी, ऐकलाव काय? ती खांबवाली पोरगी आपल्या पोरीला घाबरून खेळणार नाय म्हणते!"

अफवा पसरवण्याच्या बाबतीत मी अजून नवी नवरीच आहे.

घरात तर आणखी कठीण. मुलगा जेवताना विचारायचा, "काय मग, भिंत काय म्हणते?" त्यानं ऑफिसातल्या दोघांना पहिल्या सामन्याचं आमंत्रण देऊन टाकलं होतं. सून बँकेत आहे, तिला कधी लवकर निघता येत नाही, पण त्या दिवसाची लीव्ह तिनं आधीच मंजूर करून घेतली होती. मधे एकदा नात बाथरूममध्ये भिंतीला धरून उभी असलेली मी पाहिली. त्या रात्री जेवायला बसल्यावर मी ठरवून तोंड उघडलं. समोरून नातीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या आजोबांचे डोळे आहेत तिला.

"काय आई?" मुलगा म्हणाला.

"मीठ दे," मी म्हणाले.

भाजी खारट झाली ती झालीच.

पहिल्या सामन्याआधी एक सराव सामना ठरला, अरादला, पुलापलीकडच्या एका मैदानावर. ड्रायव्हर बस घेऊन आला होताच. अकाउंटंटही आला, 'संघाची स्थिती प्रत्यक्ष पाहायला'. सून ऑफिसातून परस्पर पोचणार होती. वारा अजिबात नव्हता. कठड्याला हात लावला तर तो ओला लागत होता. मी खुर्ची गोलाच्या जितकी जवळ मांडता येईल तितकी मांडली.

मध्यंतरापर्यंत पोरीनं दोन चेंडू अडवले. ड्रायव्हर शिट्ट्या मारत होता. मध्यंतरानंतर आपल्या मुली पलीकडच्या टोकाला धावत गेल्या, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. माझी वळली नाही. म्हणून फक्त मी पाहिलं. तिनं खांब धरला. मग खांबाला गाल टेकला. मग एकटीच हसली. तोंड कोरडं होतं.

मी उठले. पुढचं मला सलग आठवत नाही. एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी घेऊन मी आखलेली पांढरी रेघ ओलांडली, एवढं माहीत आहे. शिटी वाजली. कुणीतरी ओरडलं, "आंटी, बाहर! बाहर!" मागून अकाउंटंटचा आवाज आला, "आजी, खेळ चालू आहे, असं आत जाता येत नाही!" हिरव्या जमिनीवरून गोलापर्यंतचं ते अंतर मी कसं कापलं, देव जाणे. पाय चालत होते आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की मला माहीत होतं, मला माहीत होतं. मी पोचायच्या आत ती खाली बसली आणि आडवी झाली.

सर धावले. त्यांनी तिला उचलून भिंतीलगतच्या नळापाशी सावलीत नेलं आणि नळाचा पाइप हातात घेतला.

"वो नहीं!" मी किंचाळले. "टाकी का है, उबलता है!"

त्यांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. सभोवार माणसं, आणि गार पाणी कुठेच नाही. मुलींच्या बाटल्या केव्हाच संपलेल्या. मी पिशवीची चेन ओढली आणि कोकमाची पहिली बाटली तिच्या डोक्यावर ओतली. दुसरी मानेवर. बर्फाचे तुकडे काखेत, गळ्याशी. सरांनी टॉवेलनं वारा घालायला सुरुवात केली. तिची पिवळी जर्सी गळ्यापासून पोटापर्यंत लाल झाली, केसांतून लाल धारा कपाळावरून कानामागे चालल्या.

नेमकी त्याच वेळी सून गेटमधून आत आली.

तिनं काय पाहिलं असेल त्याची कल्पना करा. तिचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, तसा. मागून ड्रायव्हरही रडकुंडीला आला, "काकी, रगत! रगत आलंय!"

"कोकम आहे, मेल्या!" मी ओरडले. "वारा घाल!"

तरी सून ऐकेना. गुडघ्यांवर बसून ती पोरीचं डोकं चाचपत होती, जखम शोधत होती, तिचे हात लाल होत होते आणि ते पाहून आणखी घाबरत होती. मी तिचं मनगट धरलं आणि तिचंच बोट तिच्या तोंडात घातलं. चव लागली तेव्हा कुठे ती थांबली, आणि मग रडायला लागली.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. नंतर पोरीचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"टू मच जिरं," ती म्हणाली.

दवाखान्यात तिला सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई हिंदीत बोलणाऱ्या, शांत. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पहले कभी ऐसा हुआ है?"

"नो," नात म्हणाली.

खोलीत मुलगा, सून, मी. नातीनं माझ्याकडे पाहिलं, तेच आजोबांचे डोळे. मला मीठ मागता आलं असतं. पण तिथे जेवणाचं टेबल नव्हतं.

"हुआ है," मी म्हणाले. "एक बार सीढ़ी पे. एक बार बाथरूम में, वो थोड़ा कम था."

पोरीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. सून म्हणाली, "आई, तुम्हाला माहीत होतं?" रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी हो म्हणाले. ती नातीच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. एकदा असं झालं की पुन्हा होण्याचा धोका वाढतो. शरीर हळूहळू सवयीला लावायचं असतं, आणि हिनं सुट्टी एसीत काढून एकदम पळायला घेतलं होतं. आता थोडी विश्रांती, पुन्हा तपासणी, आणि मैदानात उतरायचं ते हवा बदलल्यावरच.

"हवा बदलली म्हणजे नक्की कधी?" मुलानं विचारलं. तो इंजिनिअर आहे, त्याला आकडा लागतो.

"निळा नळ थंड येईल तेव्हा," मी मराठीतच बोलून गेले. घरातल्यांना कळलं. डॉक्टरीणबाईंना मुलानं समजावून सांगितलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे चालेल, पण आधी मला दाखवायचं.

पहिल्या सामन्यात नववीतली मुलगी गोलात उभी राहिली आणि आपण हरलो. कोल्ड स्टोअरच्या दारात सुतक. "काकी, खलास," ड्रायव्हर म्हणाला. "यंदा काय खरं नाय." अकाउंटंटनं तर साखळी फेरीतूनच बाहेर जाण्याचं गणित मांडून दाखवलं. मी दोघांना चहा पाजला. आपल्या शाळेबद्दल इतकं वाईट ऐकून इतकं बरं वाटलेली बाई त्या दिवशी गुदैबियात दुसरी नसेल.

घरात मात्र नात माझ्याशी कामापुरतं बोलायची. "आजी, टॉवेल." "आजी, ममा कॉलिंग." सरांनी तिला सरावाला येऊन बसायची परवानगी दिली होती. ती माझ्याच घडीच्या खुर्चीवर, सावलीत, मानेवर ओला पंचा टाकून बसायची आणि नववीतल्या मुलीला ओरडून सांगायची, कुठे उभं राहा, कधी पुढे ये. मी जवळ जमिनीवर चटई टाकून. खुर्ची दिली नाही तिनं मला. मागायची माझीही हिंमत झाली नाही.

आणि रोज सकाळी उठली की आधी बाथरूममध्ये जाऊन निळ्या नळाखाली हात धरायची. ऑक्टोबरभर पाणी गरमच. पुढे कोमट झालं. ती हात पुसून निमूट बाहेर यायची. तिच्या आधी उठून मीही रोज हात धरत होते, हे तिला माहीत नव्हतं. ती थंडीची वाट बघत होती आणि मी दर सकाळी देवाला सांगत होते, आजचा दिवस अजून तापू दे. फ्रीजमधल्या बाटल्यांनी अंघोळ करणारी ती बाई निदान कुणाचं नुकसान तरी करत नव्हती. ही म्हातारी अख्ख्या बेटाला उकडवायला निघाली होती.

साखळी फेरीचे काही सामने अजून बाकी होते आणि डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासून होकार दिला. राहिला फक्त नळ.

मग नोव्हेंबरात एका सकाळी मी निळा नळ सोडला आणि पाणी गार आलं. थोडा वेळ वाहू दिलं. आणखी गार. मी नळ बंद केला आणि काळोख्या पॅसेजमध्ये उभी राहिले. भीती अरादच्या मैदानावर होती तशीच होती, जरासुद्धा कमी नाही. अजून तास-दीड तास ती उठणार नव्हती. तेवढा वेळ ती माझी होती, सुरक्षित, पांघरुणात.

तेवढासुद्धा थांबायला भीती वाटली. उशिरा सांगितलं की काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं.

मी तिच्या खोलीत जाऊन तिचा पाय हलवला. "ऊठ. नळ बघ."

ती डोळे न उघडता चालत आली. हात पाण्याखाली धरला. तसाच बराच वेळ धरून राहिली. मग तोच ओला, गार पंजा तिनं माझ्या मानेवर ठेवला आणि मी लहान पोरीसारखी किंचाळले. ती हसली. कितीतरी दिवसांनी.

मग हसू थांबवून म्हणाली, "आजी, आर यू शुअर? मी खेळू?"

"शुअर अजिबात नाही," मी म्हटलं. "डोकं गरगरलं तर कुणाला सांगशील?"

"सरांना."

"आणि?"

"तुला. फर्स्ट तुला."

"हातमोजे धुऊन ठेवलेत. गॅलरीत आहेत, दोरीवर."

ती पळाली. मी स्वयंपाकघरात जाऊन कोकमाच्या बाटल्या भरल्या, या वेळी जिरं कमी घातलं, आणि फ्रीजरमध्ये उभ्या केल्या. मग उन्हाळ्यापासून बंद असलेलं गीझरचं बटण दाबलं. दिवा लागला ना, ते दोनदा वाकून पाहिलं.